जर्मनीतल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक: नाव नंतर बघा, पगार कुठल्या पैशातून येणार ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंबईत सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर (धन इलेक्ट्रोडवर) पीएचडी चालू आहे, थीसिस दोन-तीन महिन्यात सबमिट होईल, जर्मनीत टेक्निकल युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन करायचंय, पण म्युनिक, आखेन की कार्ल्सरूहे ते ठरत नाहीये. प्रोफेसरांना बरेच मेल केले, उत्तरं नाहीत. नवरा पुण्यात नोकरीला आहे आणि घरचे म्हणतायत की पाच वर्षं पीएचडीत गेली, आता परत दोन वर्षांचं टेम्पररी कशाला.

मी स्वतः दक्षिण जर्मनीतल्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक केलं, मग तिथेच काही वर्षं ग्रुप लीडर होतो म्हणजे आलेले अर्ज वाचायच्या बाजूला बसलो, आणि आता पुण्यात परत येऊनही दरवर्षी आपली काही मुलंमुली तिकडे जाताना बघतो. त्यामुळे जरा मोठंच उत्तर लिहितोय, शांतपणे वाचा.

म्युनिक की आखेन हा प्रश्न तुम्ही सध्या बाजूला ठेवा असं मी म्हणेन. जर्मनीत नऊ मोठ्या टेक्निकल युनिव्हर्सिट्यांचा टीयू-नाइन म्हणून गट आहे, त्यात आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हानोफर, कार्ल्सरूहे, म्युनिक आणि श्टुटगार्ट येतात, आणि या नऊमधल्या कुठल्याही ठिकाणी चांगला ग्रुप मिळाला तर सीव्हीवर काही कमी पडत नाही. आपल्याकडे आयआयटीच्या नावाला जे वजन असतं त्याच नजरेने आपण तिकडे बघतो पण तिथे प्रोफेसर, त्याची चेअर म्हणजे त्याच्या हाताखालचा विभाग आणि त्याचा ग्रुप हेच खरं युनिट आहे. एकाच कॅम्पसवर एका ग्रुपमध्ये पोस्टडॉकला स्वतःचा विषय, स्वतःचे दोन मास्टर्सचे विद्यार्थी आणि वर्षातून दोन कॉन्फरन्स मिळतात, आणि दोन मजले खाली दुसऱ्या ग्रुपमध्ये पोस्टडॉक इंडस्ट्रीच्या प्रोजेक्टचे रिपोर्ट लिहितो आणि पेपर रविवारी. नाव दोघांच्या सीव्हीवर तेच.

हा फरक कशाने पडतो? माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा एकाच गोष्टीने, तुमचा पगार कुठल्या पैशातून निघतो. आणि हे विचारायला आपली मुलं लाजतात, त्यांना वाटतं पैशाबद्दल विचारलं तर लोभी दिसू. तिथे कुणाला तसं वाटत नाही, उलट ज्याने विचारलं त्याला सिस्टीम कळते असं समजतात.

ढोबळमानाने तीन प्रकारचा पैसा असतो. एक म्हणजे राज्याच्या बजेटमधली जागा. ही चेअरची कायमची जागा असते, माणूस बदलतो जागा राहते. त्यावर बसलात तर शिकवणं आलं, प्रॅक्टिकल घेणं आलं, परीक्षेचे पेपर तपासणं आलं, आणि बॅचलरचे वर्ग अजूनही बहुतेक जर्मनमध्ये असतात त्यामुळे या जागा आपल्याला सहसा मिळत नाहीत, पण मिळाल्या तर उत्तम कारण विषयाचं स्वातंत्र्य बरंच असतं आणि प्रोजेक्ट संपला म्हणून कुणी दाराबाहेर काढत नाही.

दुसरा म्हणजे बाहेरून आणलेला प्रोजेक्टचा पैसा, आणि बहुतेक जाहिराती याच्याच असतात. त्यातही डीएफजीचा, म्हणजे जर्मनीतल्या मुख्य संशोधन-निधी संस्थेचा, पैसा वेगळा आणि केंद्राच्या मंत्रालयाचा किंवा कंपनीचा पैसा वेगळा. डीएफजीचा पैसा मूलभूत संशोधनाचा, तिथे प्रपोजलमध्ये लिहिलेल्या प्रश्नाच्या आसपास राहिलात तर रोजच्या रोज कुणी विचारत नाही. मंत्रालयाच्या बॅटरी प्रोजेक्टमध्ये सात-आठ पार्टनर असतात, दर सहा महिन्यांनी मीटिंग, अमुक तारखेला अमुक इतके सेल द्यायचे म्हणजे द्यायचे, आणि कंपनीचा पैसा असेल तर पेपर पाठवण्याआधी कंपनीची परवानगी. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, इंडस्ट्रीत जायचं असेल तर हाच पैसा सगळ्यात चांगला कारण त्या मीटिंगमध्येच तुमचा पुढचा बॉस बसलेला असतो. पण ज्याला परत येऊन आयआयटीत किंवा आयसरमध्ये (केंद्राच्या विज्ञान-संशोधन संस्थेत) फॅकल्टी व्हायचंय त्याने दोन वर्षं यात घातली आणि हातात एकच पेपर आला तर नुकसान त्याचं एकट्याचं.

तिसरा म्हणजे फेलोशिप, तुमच्या स्वतःच्या नावावर आलेला पैसा. हुंबोल्ट फाउंडेशनची रिसर्च फेलोशिप आणि युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप या दोन मुख्य. यात विषय तुमचा, ग्रुप तुम्ही निवडलेला, आणि प्रोफेसरशी नातंही वेगळं असतं कारण तुम्ही त्याच्या प्रोजेक्टवर नोकरीला नसता.

जागा कुठलीही असो पहिल्या कॉलमध्ये तीन गोष्टी विचाराच. पैसा कोणाचा, किती तारखेपर्यंत मंजूर आहे, आणि त्यातून माझ्याकडून लेखी काय काय अपेक्षित आहे. जाहिरातीत निधी मंजूर झाल्यास अशा अर्थाचं वाक्य असेल तर जागा अजून कागदावरच आहे हे समजा, अर्ज करा पण हातातलं दुसरं सोडू नका.

तारखेचं महत्त्व एका ताज्या उदाहरणाने सांगतो. जर्मनीत एक्सलन्स क्लस्टर म्हणून मोठे संशोधन समूह असतात, सात-सात वर्षांचा पैसा एकदम मिळतो. २०१९ ला असे ५७ समूह सुरू झाले. मे २०२५ मध्ये पुढच्या पर्वाचा निकाल लागला, एकूण ७० निवडले गेले, त्यात जुन्यांपैकी ४५ टिकले आणि २५ नवे आले, आणि नवं पर्व जानेवारी २०२६ पासून सुरू. आता विचार करा, जे १२ टिकले नाहीत त्यातल्या एखाद्यात कुणी २०२४ च्या शेवटी जॉइन झालं असेल तर वर्षभरात जमीन सरकली. आणि उलट बाजूने बघा, जे नवे सुरू होतायत त्यांच्याकडे पुढची काही वर्षं पैसा आहे आणि माणसं घ्यायची आहेत. डीएफजीचे जे मोठे सहयोगी संशोधन प्रकल्प असतात तेही चार-चार वर्षांच्या टप्प्यात चालतात, जास्तीत जास्त बारा वर्षं. टप्प्याच्या पहिल्या वर्षात गेलात तर तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळू शकतं, चौथ्या वर्षात गेलात तर तोच प्रोफेसर तीच लॅब पण तुम्हाला आठ महिने. त्यामुळे ज्या ग्रुपला मेल करणार आहात त्यांचा प्रोजेक्ट कुठल्या वर्षी सुरू झाला ते त्यांच्या वेबसाइटवर शोधा, बहुतेक वेळा सापडतं.

पैशाइतकंच मशीनचंही विचारा. म्युनिकजवळ गार्शिंगला टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर न्यूट्रॉनची मोठी संशोधन अणुभट्टी आहे, २००४ पासून चालू झालेली, जगभरातून लोक तिथे बीमटाइमसाठी, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत वापरायला मिळणाऱ्या वेळेसाठी, यायचे. मार्च २०२० मध्ये ती थांबली आणि नंतर एकामागून एक कारणांनी कित्येक वर्षं थांबूनच राहिली. ज्यांचा अख्खा पोस्टडॉकचा प्लॅन त्या न्यूट्रॉनवर होता त्यांचं काय झालं असेल. म्हणून ज्या उपकरणासाठी तुम्ही जाताय ते आज चालू आहे का, त्यावर तुमचा नंबर किती आठवड्यांनी लागतो, ते चालवणारा टेक्निशियन पर्मनंट आहे का, हे तिथल्या चालू पोस्टडॉकला विचारा. प्रोफेसरला विचारलं तर तो सगळं आहे म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं.

आता तुमच्या विषयाचं. सोडियममध्ये तुम्ही कॅथोड बनवलेत, कॉइन सेलमध्ये (नाण्याएवढ्या छोट्या सेलमध्ये) टेस्ट केलेत, स्ट्रक्चर सोडवलंत असं धरून चालतो. मग पोस्टडॉकमध्ये परत नवा डोपंट (थोडं मिसळलेलं दुसरं मूलद्रव्य) घालून परत कॉइन सेल करायला जर्मनीला जाऊ नका, ते मुंबईतही होतं. तिथे जायचं ते इथे सहज न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. माझ्या मते तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. एक ऑपरेंडोचा, म्हणजे सेल चालू असताना आत स्ट्रक्चर कसं बदलतंय ते सिंक्रोट्रॉनवर (अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) बघायचं, हँबुर्गला पेट्रा-थ्री हा सिंक्रोट्रॉन आहे आणि कार्ल्सरूहेच्या स्वतःच्या कॅम्पसवरही सिंक्रोट्रॉन आहे. दुसरा प्रोसेसचा, म्हणजे स्लरी (इलेक्ट्रोडच्या पावडरचं पातळ मिश्रण), त्याचं कोटिंग, कॅलेंडरिंग (रोलरखाली दाबणं), पाउच सेल (पाकिटासारखा चपटा सेल), पायलट लाइनवर (छोट्या प्रायोगिक उत्पादन लाइनवर) काम. ब्राउनश्वाइगच्या बॅटरी लॅबफॅक्टरीचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही पण इलेक्ट्रोड बनवण्याचं इंजिनिअरिंग शिकायचं तर मी ते आखेन-म्युनिकच्या बरोबरीने यादीत ठेवीन. आणि कार्ल्सरूहे-उल्म पट्टा तर सोडियम, मॅग्नेशियम अशा लिथियमनंतरच्या बॅटऱ्यांसाठीच ओळखला जातो, उल्मची हेल्महोल्ट्झ इन्स्टिट्यूट २०११ पासून आहे, २०१९ ला सुरू झालेला पोलिस (POLiS) नावाचा एक्सलन्स क्लस्टरही तिथलाच. त्या ग्रुप्सचे आत्ताचे प्रोजेक्ट कुठल्या पैशावर चालू आहेत ते बघा आणि मग लिहा.

यातला प्रोसेसचा रस्ता मला तुमच्यासाठी जास्त का आवडतो तेही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं ते पुण्याच्याच आयसरबरोबर काम करून. रिलायन्सने त्याच्या आधी फॅराडियन ही ब्रिटिश सोडियम कंपनी विकत घेतली. म्हणजे तुम्ही परत याल तेव्हा मटेरियल बनवणारे पीएचडी आपल्याकडे पुष्कळ असतील पण लेयर्ड ऑक्साइड या कॅथोडच्या प्रकाराला हवा-ओलावा लागू न देता त्याची स्लरी करून मीटरच्या मीटर कोटिंग केलेला माणूस शोधावा लागेल. नवरा पुण्यात आहे म्हणताय म्हणून मुद्दाम हे लिहिलं.

मेलचं बोलतो. अर्ज वाचणाऱ्या बाजूला असताना आठवड्याला येणाऱ्या मेलमधले बहुतेक मी पहिल्या दोन ओळीत बंद करायचो, आणि ते लोक हुशार नव्हते म्हणून नाही. आदरणीय सर, मी तुमच्या नामांकित संस्थेत संधी शोधत आहे, माझा एच-इंडेक्स इतका, सीव्ही जोडला आहे, असा मेल असला की तो आणखी चाळीस जणांना गेलाय हे लगेच कळतं. उत्तर यावं असं वाटत असेल तर मेल पाच-सहा वाक्यांचा करा. पहिल्या वाक्यात तुम्ही काय शोधून काढलं ते आकड्यासकट, मटेरियलच्या नावासकट, म्हणजे मँगनीजवर आधारलेल्या अमुक फेजमध्ये अमुक व्होल्टेजच्या वर जो फेज बदल होतो तो मी अमुक पद्धतीने थोपवला. मग त्या ग्रुपच्या गेल्या दोन वर्षांतल्या एका पेपरबद्दल एक खरा प्रश्न, जो तो पेपर पूर्ण वाचल्याशिवाय पडूच शकत नाही. मग तुम्ही आलात तर तुमचं कौशल्य आणि त्यांचं उपकरण मिळून काय होईल ते एका वाक्यात. आणि शेवटी पैशाचा तुमचा प्रस्ताव, की मी तुमच्याबरोबर हुंबोल्टसाठी अर्ज करू इच्छिते, किंवा तुमच्याकडे अमुक प्रोजेक्टमध्ये जागा असेल तर त्यासाठी माझा विचार व्हावा. सीव्ही दोन पानी. थीसिस जोडू नका.

हा मेल प्रोफेसरबरोबरच त्या विषयाच्या ग्रुप लीडरलाही पाठवा, सीसी करून नाही, वेगळा लिहून. मोठ्या चेअरमध्ये वीस-तीस-चाळीस माणसं असतात, प्रोफेसरच्या मेलबॉक्सचं निम्मं काम सेक्रेटरी बघते, रोजचं संशोधन ग्रुप लीडर चालवतो, आणि माणूस हवाय हे आधी त्यालाच कळलेलं असतं. ऑगस्टमध्ये आणि २० डिसेंबर ते ७ जानेवारी मेल करू नका, कुणी नसतं. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच मेलवर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि एका वेळी पाच-सहाच ग्रुप घ्या पण प्रत्येकाचे तीन-चार पेपर वाचून. शंभर मेल पाठवून एक उत्तर येण्यापेक्षा सहा पाठवून दोन कॉल होणं हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय.

तुमच्या गाइडची ओळख असेल तर ती वापरा, संकोच नको. तिथे ओळखीने नोकरी मिळत नाही पण ओळखीने मेल वाचला जातो. आणि इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटर म्हणून दोन्ही सरकारांचं मिळून गुरुग्रामला केंद्र आहे, त्यांच्या तरुण संशोधकांसाठीच्या फेलोशिप्सही बघून ठेवा, त्यातून आधी छोटी भेट झाली तर पुढचं सगळं फार सोपं होतं कारण समोरच्याने तुम्हाला लॅबमध्ये काम करताना बघितलेलं असतं.

फेलोशिपची गणितं थोडी समजून घ्या. हुंबोल्ट पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत असणाऱ्या पोस्टडॉकला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मिळते, अर्ज वर्षभर कधीही करता येतो आणि निवड समिती वर्षातून तीनदा बसते. विषय तुम्ही लिहायचा, यजमान प्रोफेसरने पाठिंब्याचं पत्र द्यायचं. प्रोफेसरला यात काय फायदा तर पगार न देता एक अनुभवी माणूस मिळतो आणि वर सायन्स-इंजिनिअरिंगच्या फेलोसाठी ग्रुपला महिन्याला ८०० युरो खर्चाला मिळतात. म्हणून तुम्ही मेलमध्ये हुंबोल्टचं नाव काढलंत की बोलणं सुरू होण्याची शक्यता खूप वाढते. मारी क्युरीची शेवटची तारीख दरवर्षी सप्टेंबरमध्ये असते, पगार चांगला, नाव मोठं, पण २०२५ ला १७ हजारांच्या वर अर्ज आले, आदल्या वर्षी दहा हजारांच्या आसपास होते, त्यामुळे एवढ्या एकाच गोष्टीवर वर्ष लावू नका. आणि त्यात एक अट आहे जी लोकांना उशिरा कळते, शेवटच्या तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावे लागता. म्हणजे आधी जर्मनीत प्रोजेक्टवर जाऊ, तिथे बसून निवांत मारी क्युरी लिहू, असा प्लॅन असेल तर वर्ष-सव्वा वर्षात जर्मनीसाठी तो दरवाजा बंद झालेला असतो. करायचं तर जाण्याआधी किंवा पहिल्याच सप्टेंबरला.

मारी क्युरीला शेवटच्या तारखेपर्यंत पीएचडीचा व्हायवा (तोंडी परीक्षा) झालेला असावा लागतो, हुंबोल्टला पीएचडी पूर्ण होत आली असेल तरी अर्ज करता येतो, पण इथे आपल्याकडची मुलं हमखास अडकतात, कारण थीसिस सबमिट झाल्यापासून रेफरीचे रिपोर्ट, व्हायवा, नोटिफिकेशन यात काही युनिव्हर्सिट्या सहा महिने ते वर्ष लावतात. प्रोजेक्टच्या नोकरीत मात्र एक सोय आहे. जर्मनीतली संशोधकाची पगारश्रेणी, जिला टीव्ही-एल ई-१३ म्हणतात, ती मास्टर्सच्या पात्रतेवर आहे, पीएचडी करणारा आणि पोस्टडॉक दोघेही त्याच श्रेणीत बसतात, त्यामुळे थीसिस सबमिट आहे आणि व्हायवा बाकी आहे अशा अवस्थेतही प्रोफेसरची तयारी असेल तर काँट्रॅक्ट होऊ शकतं. हे त्यांच्या एचआरला लेखी विचारा.

पगाराबद्दल. पूर्ण वेळ ई-१३ ला सुरुवातीच्या पायरीवर २०२५ मध्ये महिना साडेचार हजार युरोच्या थोडा वर ग्रॉस आहे, त्यातून टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स जाऊन एकट्या माणसाच्या हातात साधारण साठ-पासष्ट टक्के येतात. पण तुम्ही कुठल्या पायरीवर बसता ते आधीच्या अनुभवावर ठरतं, आणि हा अनुभव सहीच्या आधी मांडावा लागतो. पीएचडीच्या काळातली जेआरएफ-एसआरएफची (ज्युनिअर-सीनिअर रिसर्च फेलोशिपची) वर्षं, प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून केलेलं काम, सगळ्याची तारखांसकट पत्रं घेऊन जा आणि पायरी ठरवताना ती बघा असं स्पष्ट सांगा. प्रत्येक वेळी मान्य करतील असं नाही, पण दोन पायऱ्या म्हणजे महिन्याला काही शे युरो आणि सही झाल्यावर कुणी ऐकत नाही. पोस्ट शंभर टक्के आहे की पंचाहत्तर तेही बघा. हुंबोल्टचा आकडा ग्रॉसशेजारी लहान दिसतो पण त्यावर इन्कम टॅक्स नाही आणि नवरा-मुलं बरोबर असतील तर वेगळा भत्ता मिळतो, मात्र ती नोकरी नसल्यामुळे पेन्शन आणि बेकारी विमा त्यात नाही.

आता नवऱ्याचं. संशोधकाच्या व्हिसावर किंवा ब्लू कार्डवर (ठरावीक पगाराच्या वरच्या कुशल परदेशी लोकांच्या परवान्यावर) गेलात तर जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा न देता येता येतं आणि पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, त्यामुळे आयटीतला माणूस असेल तर इंग्रजीवर चालणारी नोकरी म्युनिक, बर्लिन, कार्ल्सरूहे अशा ठिकाणी शोधता येते. पूर्ण ई-१३ चा वार्षिक आकडा ब्लू कार्डच्या मर्यादेच्या वर जातो, २०२५ ला ती ४८,३०० युरो होती, आणि ब्लू कार्डवर बी-वन (मध्यम) पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. परत यायचंच असेल तरी हे करून ठेवायला काय हरकत आहे, म्हणून व्हिसाच्या वेळीच एचआरला विचारा की दोन्हीतलं कुठलं करायचं. नवरा इथेच राहणार असेल तर एक धरून चाला, लग्न झालेल्यांना टॅक्समध्ये जी मोठी सवलत मिळते ती जोडीदार तिथे राहत असेल तरच. जर्मन शिकायला मात्र आजच लागा, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, मुंबईत आहे. लॅब इंग्रजीत चालते पण वर्कशॉपमधला माणूस, ज्याच्या हातात तुमचा ऑपरेंडो सेल बनणार आहे, तो बऱ्याचदा जर्मनच बोलतो, आणि त्याच्याशी दोन वाक्यं त्याच्या भाषेत बोललात की तुमचं काम वेळेत होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घरच्यांचा प्रश्न राहिला, आणि तो मला अगदी रास्त वाटतो. जर्मनीत युनिव्हर्सिटीतल्या तात्पुरत्या नोकऱ्यांचा एक वेगळाच कायदा आहे, त्यात पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी मर्यादा आहे, मूल असेल तर प्रत्येकी दोन वर्षं वाढतात, प्रोजेक्टच्या पैशावरची काँट्रॅक्ट्स याच्या बाहेरही होतात. ही मुदत संपली की प्रोफेसर किंवा बाहेर, मधल्या पर्मनंट जागा फारच थोड्या. २०२१ मध्ये सरकारच्याच एका व्हिडिओतल्या हॅना नावाच्या काल्पनिक संशोधिकेवरून तिथल्या हजारो तरुण संशोधकांनी मीच हॅना म्हणत सोशल मीडियावर आवाज उठवला तो याच कारणासाठी. म्हणून पोस्टडॉक हा तिथे राहण्याचा रस्ता आहे असं समजून जाऊ नका. दोन वर्षं, फार तर तीन, आणि जाण्याआधीच शेवट कुठे ते कागदावर लिहा.

परत येऊन आयआयटीत जायचं असेल तर असिस्टंट प्रोफेसरच्या वरच्या ग्रेडला पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, त्याआधी आलात तर खालच्या ग्रेडवर काँट्रॅक्टने घेतात, म्हणजे दोन-तीन वर्षांचा हिशोब बरोबर बसतो. भारत सरकारची रामानुजन फेलोशिप पाच वर्षांची आहे, चाळिशीच्या आत परदेशात काम करणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी, तिचा अर्ज तिथे असतानाच करायचा असतो. इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिपला वयाची अट घट्ट आहे, ती आजच उघडून वाचा आणि आपलं वय मांडा. आयआयटीच्या निवडीत तुमचं स्वतःचं असं काय, गाइडचं नाही, पोस्टडॉकच्या बॉसचं नाही, हे खोदून विचारतात. त्यामुळे जर्मनीतल्या प्रोफेसरशी पहिल्याच महिन्यात बोलून ठेवा की या कामातला कुठला भाग मी परत जाताना माझा म्हणून घेऊन जाऊ शकते. चांगला प्रोफेसर हे सरळ सांगतो. जो टाळतो त्याच्याबद्दलही तुम्हाला वेळेत कळतं. कॉलच्या वेळी हेही विचारा की गेल्या पाच वर्षांतले तुमचे पोस्टडॉक आज कुठे आहेत, आणि मग त्यातल्या दोघांना स्वतः मेल करा, शक्यतो एक असा ज्याने मुदतीआधी ग्रुप सोडला.

वेळेचं म्हणाल तर प्रोफेसरने हो म्हटल्यापासून काँट्रॅक्ट हातात यायला दोन-तीन महिने सहज जातात, मधे डीन ऑफिस, एचआर, कर्मचारी परिषद असं सगळं असतं, त्यानंतर व्हिसा. विषय संरक्षणाला जवळचा असेल तर निर्यात नियंत्रणाचा वेगळा फॉर्म येतो, बॅटरी मटेरियलला सहसा त्रास होत नाही पण थीसिसमध्ये डीआरडीओचा प्रोजेक्ट असेल तर आधीच सांगून ठेवा. इथली नोकरी किंवा फेलोशिप व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत सोडू नका.

घर म्युनिकला महाग आहे आणि मिळत नाही हे सगळे सांगतात ते खरंच आहे, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या गेस्टहाउसला काँट्रॅक्टची वाट न बघता अर्ज टाका, नंतर रद्द करता येतो. आखेन, ब्राउनश्वाइग, ड्रेस्डेनला त्याच पगारात बरंच मोकळं राहता येतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त कायद्याने मागता येत नाही. आणि नोकरी सुरू झाल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत एक काम करा, सरकारी कर्मचाऱ्यांची जी जादा पेन्शन योजना आहे त्यात संशोधकांना पहिल्यांदाच आणि मुदतीच्या नोकरीवर आलेले असतील तर सक्तीच्या स्कीमऐवजी दुसरी निवडता येते. सक्तीच्या स्कीममध्ये पेन्शनचा हक्क साठ महिने भरल्यावर मिळतो आणि तुम्ही तर दोन-तीन वर्षांसाठी जाताय. दोन महिन्यांनंतर तो अर्ज घेत नाहीत, एचआरकडून कुणी आठवण करून देईलच असं नाही, फॉर्म तुम्ही स्वतः मागा.